भागाकाराची इर्जिक

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. मागाहून कुणी म्हणायला नको की भावना मॅडम उगाच चिडल्या. कुंभार पिंपळगावात मी अकरावी-बारावीला गणित शिकवते आणि मला पहिलीपासून चौथीपर्यंत गणित शिकवलं ते पुंजाराम गुरुजींनी. पुढं जे झालं त्यात चूक कुणाची किती, हे मला अजून वाटून देता येत नाही. पण एक वाटा माझा आहे, तो मी नाकारत नाही.

आमच्याकडं माणूस रिटायर झाला की पतसंस्थेत शिरतो, नाहीतर सरपंचकीला उभा राहतो. गुरुजींनी मूळ संख्या धरल्या. एक आणि ती स्वतः, यांच्याशिवाय जिला कशानंच भाग जात नाही ती मूळ संख्या, एवढं शाळेतलं सगळ्यांना आठवत असेल. गुरुजींनी त्यातही एक वेगळंच खूळ काढलं होतं. ओसरीत एक जुना फळा टांगलेला होता. कुणी चहाला आलं की ते त्यावर लिहायचे: ७३९३९१३३.

"ही मूळ संख्या. आता बघा हां." शेवटचा अंक बोटानं पुसायचे. ७३९३९१३. "ही बी मूळ." आणखी एक पुसायचे. ७३९३९१. तीही मूळ. मग ७३९३९, ७३९३, ७३९, ७३ आणि शेवटी नुसता सात. "शेपटाकडून कितीबी छाटा, जे उरतं ते मूळच उरतं," असं म्हणून खडूचे हात झटकायचे. पाहुण्याचा चहा तोवर गार झालेला असायचा.

अशा संख्या एकूण किती, हा त्यांचा प्रश्न. तो सोडवायची रीत सोपी आहे, फक्त तिला आयुष्य लागतं. दोन, तीन, पाच, सात इथून निघायचं आणि उजवीकडं एकेक अंक चिकटवत जायचं. नवी संख्या मूळ निघाली तर पुढं चला, भाग गेला तर ती फांदी वाळली. गुरुजींनी अकरा वर्षं हे हातानं केलं. कॅल्क्युलेटरसुद्धा घेतला नाही. वह्यांचा ढीग पत्र्याच्या पेटीत भरला आणि त्र्याऐंशी संख्या हाती लागल्या. आठ अंकांपर्यंत पाच फांद्या पोचल्या होत्या, त्यातल्या चार नवव्या अंकाला वाळल्या. पाचवी ही फळ्यावरची. तिला एक किंवा सात जोडला तर तीननं भाग जातो. सम अंक आणि पाच तर विचारायलाच नको. नऊ जोडला तर कशानं भाग जातो तेही त्यांनी शोधून काढलं. राहिला फक्त तीन.

७३९३९१३३३. या एका संख्येला भाजक सापडला की सगळी फांदीन् फांदी वाळली, त्र्याऐंशीचा आकडा पक्का झाला आणि काम संपलं. भाजक नाहीच सापडला, तर मात्र ही चौऱ्याऐंशीवी, आणि पुढं दहाव्या अंकाची वाट मोकळी.

हे मी एवढं खोलात सांगते, कारण गुरुजींचे डोळे याच्यात अडकले होते. त्यांना काचबिंदू होता. जालन्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली ती त्यांनी एकदा पुढं ढकलली, मग दुसऱ्यांदा ढकलली. "एवढी एक फांदी वाळू द्या, मंग खुशाल डोळे फोडा माझे," असं डॉक्टरांना तोंडावर सांगून आले. डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला, सुमितला, बाजूला घेऊन सांगितलं की काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, आहे तेवढीच राखता येते. सुमित जालन्याला एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात कामाला. तो बिचारा दर रविवारी यायचा, बापाच्या पाया पडायचा आणि तसाच परत जायचा.

मी एकदा सरळ बोलले. "गुरुजी, हे सगळं फोनवर आहे. त्र्याऐंशीच आहेत, आणि सगळ्यात मोठी तुमची फळ्यावरचीच आहे. जगाला माहीत आहे."

मला वाटलं, त्यांना लागेल. कसचं काय!

"असू दे की. ताजमहाल बी फोनवर हाय. म्हणून लोक आग्र्याला जायचे थांबले का?" आणि मग बोट रोखून, "भाजक कोणता ते मला सांगायचं न्हाई, भावना. बिलकुल सांगायचं न्हाई. शपथ घे."

घेतली. चाळिशीला आलेली बाई मी, चौथीतल्या पोरीसारखी गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली. त्या दिवशी एकशे सत्तावीस हा आकडा मला ठाऊकही नव्हता. भाजक आहे एवढं कळलं होतं, कोणता ते बघायच्या भानगडीत मी पडले नव्हते.

आता नऊ अंकी संख्येला भाजक शोधायचा म्हणजे सत्तावीस हजारांपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येनं भागून बघायचं. जवळपास तीन हजार भागाकार. गुरुजींनी शंभराच्या आतले स्वतः केले आणि तिथं त्यांना ओळीवर ओळ चढलेली दिसायला लागली. तेव्हा त्यांनी इर्जिक घालायचं ठरवलं.

इर्जिक आता फारशी राहिली नाही. पूर्वी एखाद्याचं वावर मागं पडलं की अख्खं गाव आपापली बैलजोडी घेऊन यायचं आणि एका दिवसात त्याचं नांगरून द्यायचं. मजुरी नाही, फक्त मालकाच्या घरचं पोटभर जेवण. गुरुजींनी ती भागाकाराची घातली. जुन्या विद्यार्थ्यांना निरोप गेले. डिसेंबरातल्या एका रविवारी तीस माणसं अंगणात मांडवाखाली बसली. त्यात दोन मास्तर, एक तलाठी, बियाणं कंपनीतले चौघे, बारावीच्या माझ्या आठ पोरी, केशकर्तनालयवाला मच्छिंद्र, आणि पलीकडच्या वस्तीवरच्या आसराबाई.

आसराबाई साठीच्या पुढच्या. घरी मेंढरं, चार एकर ज्वारी. शाळा पाहिली नव्हती. गुरुजींच्या साक्षरता वर्गात अक्षर ओळखलं आणि पाढ्यांत वर्गातल्या सगळ्या बाप्यांना मागं टाकलं. गुरुजींना त्यांचं भारी कौतुक. म्हाताऱ्या माणसांना सोपे भाजक द्यायचे म्हणून त्यांनी आसराबाईंना पहिलंच पान दिलं. एकशे एकपासून दोनशे एकोणतीसपर्यंत, पंचवीस भाजक. तरण्याताठ्यांना शंभरावर दिले होते, तेही चारपाच अंकी.

मी म्हटलं, "प्रत्येक भागाकार दोघादोघांनी करू. चूक राहायला नको."

"इर्जिकीत दुसऱ्यानं घातलेल्या तासावर पुन्हा नांगर फिरवायचा नसतो," गुरुजी म्हणाले. "ज्यानं घेतलं त्यानं केलं. इस्वास ठेवायचा."

मग त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "भाग पूर्ण गेला, खाली बाकी शून्य आली, तर त्यानं हात वर करायचा."

एवढंच बोलले. शून्य आलं तर आपण सुटलो, हे बोलले नाहीत. त्यांना वाटलं, इतकी वर्षं ऐकून सगळ्यांना कळलंच असेल. आणि जमलेल्या लोकांना कळलं होतं ते भलतंच. गुरुजी कधीच न तुटणारी संख्या शोधताहेत, आणि ज्याच्या कागदावर ती तुटेल तो करंटा, अशी सगळ्यांची समजूत. मच्छिंद्र माझ्या कानात म्हणाला, "मॅडम, आपल्या कागदावर न्हाई आलं म्हंजी बरं. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल?" मी त्यावर हसले. तेव्हा हसण्याऐवजी मांडवात उभं राहून नीट समजावून सांगितलं असतं तर! पण मी हसले आणि धपाट्यांचं बघायला आत गेले.

दुपारी जेवणं झाली. गुरुजींच्या बायकोनं, गिरिजाकाकूंनी, येसर आमटी केली होती, धपाटे होते, वर दही. चारच्या सुमारास शेवटचा कागद आला. तीन हजार भागाकार झाले आणि एकही हात वर झाला नव्हता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तलाठ्यानं पेढे आणलेले होते. "जिंकली गुरुजी तुमची संख्या!" असं कुणीतरी ओरडलं. आसराबाई सगळ्यात मागं होत्या आणि पदर डोक्यावर ओढून त्याही टाळ्या वाजवत होत्या.

गुरुजींनी पेढा हातात घेतला आणि तसाच धरून बसले. मग म्हणाले, "मंग आता दहावा अंक बघायचा."

दहा अंकी म्हणजे आठ हजारांच्या वर भाजक. आणि तेही दोनदा, कारण तिथं तीन आणि नऊ असे दोन उमेदवार उभे राहतात. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सगळे गेल्यावर मी म्हटलं, "कुणाचा तरी कागद चुकलाय, गुरुजी. भाजक आहे. असलाच पाहिजे."

"माझ्या माणसांना खोटं पाडतीस व्हय?"

"खोटं नाही, चूक म्हणतेय मी."

"तुझा इस्वास त्या मशिनीवर, माझा माणसांवर. जा तू."

गेले. चांगली तावातावात गेले. त्यांनी जा म्हटलं आणि मी गेले, एवढी मी मोठी! मग बारावीच्या सराव परीक्षा, प्रॅक्टिकल, पेपर तपासणी. शंभर कारणं होती आणि शंभरही खरी होती. सहा आठवडे मी त्या घराकडं फिरकले नाही.

फेब्रुवारीत आठवडी बाजारात गिरिजाकाकू भेटल्या. मेथीची जुडी हातात तशीच ठेवून म्हणाल्या, "पोरी, ये ना एकदा. तिसरी तारीख बी घालवली त्यांनी. माझं ऐकतच न्हाईत. भिंग लावून बसतेत दिवसभर, अन आता भिंग बी पुरंना."

मी तिथूनच त्यांच्याबरोबर गेले. गुरुजी ओसरीत बसलेले होते, मांडीवर पाट, पाटावर वही. मी उंबऱ्यात उभी राहिले तरी त्यांनी मान वर केली नाही. चप्पल वाजली तेव्हा म्हणाले, "कोण?" वहीतली अक्षरं अंगठ्याएवढी झाली होती. भागाकाराच्या ओळी पानावरून उतरून पाटावर गेल्या होत्या. लाकडावर पेन्सिलीनं आकडे लिहिलेले होते आणि त्यांना वाटत होतं, आपण कागदावर लिहितोय.

मला रडू आलं. आणि रडू आलं की मला राग येतो, ही माझी खोडच आहे. शपथेला म्हटलं, जा खड्ड्यात. तिथंच बाजेवर बसून फोन काढला. एका मिनिटाच्या आत उत्तर आलं. एकशे सत्तावीस. एकशे सत्तावीस गुणिले अठ्ठावन्न लाख एकवीस हजार नऊशे एकोणऐंशी.

तीन अंकी भाजक! मला वाटत होतं, मोठ्या आकड्यांत कुणा पोरीची हातचा घेताना चूक झाली असेल. हा तर पहिल्याच पानावरचा. सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. आधी कागद बघू म्हटलं. काकूंनी पेटी उघडून दिली. पहिलं पान काढलं. एकशे सत्तावीससमोर जाड्या, सावकाश काढलेल्या अक्षरात भागाकार होता: ५८२१९७९. एकही अंक चुकलेला नव्हता. आणि पुढं लिहिलं होतं, बाकी १.

मी गणिताची मास्तरीण आहे. इतका बरोबर भागाकार करून बाकी चुकत नाही. शेवटच्या पायरीला अकराशे त्रेचाळीसातून अकराशे त्रेचाळीस वजा करायचे असतात. तिथं एक उरवायचा तर मुद्दाम उरवावा लागतो.

मी गुरुजींना काही बोलले नाही. स्कूटी काढली आणि वस्तीवर गेले. आसराबाई खळ्यावर ज्वारी पाखडत होत्या. मी राम-राम काही न करता कागद त्यांच्यापुढं धरला.

"हे काय केलं, आसराबाई?"

त्यांनी कागदाकडं पाहिलंसुद्धा नाही. सूप खाली ठेवलं. "शून्य आल्तं," म्हणाल्या. "दोन खेपा करून बघितलं. दोन्ही खेपेला शून्यच आल्तं."

"मग एक का लिहिला?"

"मंग काय लिहू? पोरी, खळ्यावर रास मोजताना शेवटचं माप कधी पालथं करीत न्हाईत. मूठभर ठिवावं लागतं. कणगी झाडून पुसून रिकामी करायची नसती, बरकत जाती. मी त्या माणसाच्या दारात इर्जिकीला गेल्ते. त्याचं अन्न खाल्लं. त्यानं मला अक्षर दिलं. त्याच्या अकरा वर्साच्या राशीखाली मी शून्य मांडून येऊ? मंग एक दाणा ठिवला. एक दाण्यानं काय व्हतंय?"

मी ओरडले. खोटं कशाला सांगू, साठीच्या बाईवर मी तिच्या खळ्यात उभी राहून ओरडले. "त्या एका दाण्यापायी ते सहा आठवडे डोळे फोडून घेतायत! त्यांना शून्यच पाहिजे होतं! शून्य आलं असतं तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले असते!"

त्यांना आधी समजलंच नाही. मी पुन्हा सांगितलं, या खेपेला हळू. फांद्या, वाळणं, त्र्याऐंशी, दहावा अंक, ऑपरेशनची तारीख. मांडवात जे सांगायला पाहिजे होतं ते सगळं मी सहा आठवडे उशिरा, ज्वारीच्या भुसात बसून एकट्या आसराबाईंना सांगितलं. त्या ऐकत गेल्या आणि त्यांचं तोंड उतरत गेलं.

"कुणी म्हणलंच न्हाई," एवढंच त्या म्हणाल्या. मग उठल्या, हातपाय धुतले, लुगडं झटकलं. "चल. मी सांगते. तू सांगू नको. माझ्या हातानं झालंय, माझ्याच तोंडानं जाऊ दे."

मी त्यांना स्कूटीवर मागं बसवून घेऊन आले.

गुरुजी तसेच ओसरीत होते. आसराबाई त्यांच्यासमोर, हातभर अंतरावर, खाली बसल्या. "गुरुजी, मी आसराबाई. माझा एक भागाकार चुकलाय. पुन्हा करून दावते."

"कोणता?"

"एकशे सत्तावीसचा."

गुरुजींनी वही मिटली आणि डोळेही मिटले. "बोला."

कागद न घेता आसराबाई बोलायला लागल्या. "सातशे एकोणचाळीसमधी एकशे सत्तावीस पाच येळा. सहाशे पस्तीस. उरले एकशे चार. वरून तीन घेतला, एक हजार त्रेचाळीस. आठ येळा, एक हजार सोळा. उरले सत्तावीस." गुरुजींची बोटं मांडीवर हलत होती. प्रत्येक पायरीला ते "बराबर" म्हणत होते, वर्गात म्हणायचे तसंच. "नऊ घेतला, दोनशे एकोणऐंशी. दोन येळा. उरले पंचवीस. एक घेतला, दोनशे एक्कावन. एक येळा. उरले एकशे चोवीस." "बराबर." "तीन घेतला. नऊ येळा. उरले शंभर. तीन घेतला. सात येळा. उरले एकशे चौदा. शेवटचा तीन घेतला, अकराशे त्रेचाळीस."

इथं त्या थांबल्या.

"नऊ येळा," गुरुजी स्वतःच म्हणाले. "एकशे सत्तावीस नव्वे अकराशे त्रेचाळीस. आणि खाली?"

"काई उरलं न्हाई, गुरुजी."

"पुन्हा करा."

त्यांनी पुन्हा केलं. पहिल्या आकड्यापासून शेवटपर्यंत, तितक्याच सावकाश. पुन्हा काही उरलं नाही. गुरुजी एकदम हसले. इतके मोठ्यानं हसले की काकू आतून पळत आल्या. "त्र्याऐंशी!" ते म्हणाले. "गिरिजा, त्र्याऐंशीच! संपलं! भावना, सुमितला फोन लाव, डॉक्टरची तारीख घे म्हणावं. जल्दी." अकरा वर्षांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. मग हसता हसता त्यांनी विचारलं, "आसराबाई, त्या दिशी कुठं चुकलं व्हतं?"

"त्या दिशी बी शून्यच आल्तं."

गुरुजींचं हसू थांबलं. त्यांनी का म्हणून विचारलं, आणि आसराबाईंनी खळ्यावर मला सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. रास, मूठभर दाणे, बरकत. तुमचं घर रिकामं दिसू नये म्हणून केलं, असं म्हणाल्या. मला वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बाई," ते अगदी हळू म्हणाले, "मला रिकामंच व्हायचं व्हतं."

आसराबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. खांदे गदगदत होते, पण आवाज बाहेर फुटू दिला नाही. काकू दाराला धरून उभ्या राहिल्या. माझ्या हातात फोन होता, पलीकडून सुमित हॅलो हॅलो करत होता.

गुरुजी समोर बघत होते, सरळ आसराबाईंच्या तोंडाकडं. मग फोनातलं हॅलो हॅलो ऐकू येत होतं त्या बाजूला, माझ्याकडं, त्यांनी मान वळवली.

"भावना, आसराबाई गेल्या का गं?"

"न्हाई गुरुजी," आसराबाई म्हणाल्या, "हितंच हाय. तुमच्या म्होरंच बसले."